मनाचा कौल ऐकण्याआधी : ध्यानाला नव्याने बसणाऱ्यांसाठी

ध्यानाला बसायचं ठरवणारे बहुतेकजण दोन अपेक्षा घेऊन बसतात. मन रिकामं होईल, ही पहिली. मन रिकामं झालं की आतून आपोआप योग्य उत्तरं येऊ लागतील, ही दुसरी. पहिली चार दिवसांत मोडते आणि माणूस बसणं सोडून देतो. दुसरी जास्त धोक्याची, कारण ती मोडत नाही. जरा स्थिर वाटायला लागलं की डोक्यात येणारी प्रत्येक लहर ‘आतला आवाज’ वाटू लागते, आणि तिच्या भरवशावर नोकरी सोडण्यापासून नाती तोडण्यापर्यंतचे निर्णय घेतले जातात.

म्हणून इथे दोन्ही कामं वेगळी ठेवली आहेत. पायरी १ ते ५ मन शांत करण्याच्या. ६ ते ९ त्या शांततेत जे जाणवतं ते पारखण्याच्या. पहिले सहा आठवडे सहाव्या पायरीला हात लावू नका, कितीही मोह झाला तरी.

अंतःप्रेरणा म्हणजे काय, हे आधी स्पष्ट असलेलं बरं. जुना मेकॅनिक इंजिन सुरू झाल्याबरोबर म्हणतो, “आवाज बरोबर नाही.” काय बरोबर नाही हे सांगायला मात्र त्याला बॉनेट उघडावं लागतं. अनुभवी परिचारिका रुग्णाकडे एकदा बघते आणि डॉक्टरांना बोलावते. कारण विचारलं तर “चेहरा ठीक वाटला नाही” एवढंच सांगता येतं. यात चमत्कार नाही, ही ओळख आहे. आधी शेकडो वेळा पाहिलेलं काहीतरी पुन्हा समोर आलं आणि मनाने ते शब्दांच्या आधी ओळखलं. हा कौल बारीक आवाजात येतो आणि रोजच्या गोंगाटात बुडून जातो. ध्यानाने तो गोंगाट थोडा कमी होतो. ज्या विषयाचा अनुभवच गाठीशी नाही, तिथे कितीही शांत बसलात तरी ऐकण्यासारखं आत काही नसतं.

(पतंजलींच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात ‘प्रातिभ’, म्हणजे आतून आपोआप स्फुरणाऱ्या, ज्ञानाचा उल्लेख येतो. तो दावा याहून फार मोठा आहे. नवख्याने त्याच्या मागे न लागलेलं चांगलं.)

काय काय लागेल

- बसायला घडी घातलेलं जाड ब्लँकेट किंवा घट्ट उशी. मऊ, दबणारी उशी नको. नाहीतर हात नसलेली साधी खुर्ची.
- गजर. फोनचा चालेल, पण फोन विमान मोडवर टाकून आणि हात पोचणार नाही इतक्या लांब पालथा ठेवून.
- अंगावर घ्यायला शाल किंवा चादर. स्थिर बसलं की थोड्या वेळाने थंडी वाजू लागते.
- कागदी वही आणि पेन. सुरुवातीला हिचं काम कमी, पण सातव्या आठवड्यापासून सगळी मदार हिच्यावरच.

अगरबत्ती, संगीत, माळ, खास कपडे यांतलं काहीही लागत नाही. ॲपही लागत नाही. कानात कुणी तरी सूचना देत असेल तर तुम्ही ऐकण्याचा सराव करता, भटकलेल्या मनाने श्वासाकडे परतण्याचा नाही. आणि सगळा सराव परतण्याचाच आहे.

## १. वेळ ठरवा, जागा ठरवा

दिवसातून एकदा, शक्यतो एकाच वेळी. सकाळी उठल्यावर, तोंड धुऊन, फोन बघायच्या आधी. एकदा फोन बघितला की पुढची वीस मिनिटं त्यात पाहिलेलंच डोक्यात फिरत राहतं. सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी, पण भरपेट जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. रात्री अंथरुणावर बसून केलेलं ध्यान बहुधा झोपेत संपतं.

पहिले दोन आठवडे १० मिनिटं. तिसरा-चौथा आठवडा १५. पाचव्यापासून २०. पहिल्या दिवशी उत्साहात ४५ मिनिटं बसणारे तिसऱ्या दिवशी दिसत नाहीत. दहा मिनिटं झाल्यावर अजून बसावंसं वाटत असेल तर उठा. दुसऱ्या दिवशी बसायची इच्छा शिल्लक राहणं जास्त महत्त्वाचं.

## २. बैठक

पतंजलींनी आसनाची व्याख्या दोन शब्दांत केली आहे: स्थिर आणि सुखाचं. पद्मासनाचा आग्रह तिथे नाही, तुम्हीही धरू नका.

जमिनीवर बसणार असाल तर ब्लँकेटची घडी ४ ते ६ इंच उंच होऊ द्या आणि तिच्या पुढच्या काठावर बसा. कंबर गुडघ्यांपेक्षा उंच आली की गुडघे आपोआप जमिनीकडे जातात आणि पाठीचा कणा फार जोर न लावता सरळ राहतो. गुडघे हवेत तरंगत असतील तर घडी आणखी वाढवा, किंवा गुडघ्यांखाली काहीतरी ठेवा. घडी न घेता सपाट जमिनीवर बसलं की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, आणि दहाव्या मिनिटाला खांद्यांच्या मध्ये दुखू लागतं. नवखे याला ‘आपल्याला बसता येत नाही’ म्हणतात. चूक घडीची असते.

खुर्चीवर बसणार असाल तर पाठ न टेकता पुढच्या अर्ध्या भागावर बसा. तळवे पूर्ण जमिनीवर. पाय पोचत नसतील तर खाली जाड पुस्तक किंवा घडी घाला. खुर्चीवरचं ध्यान दुय्यम नसतं.

हात मांड्यांवर. हनुवटी किंचित आत. दातावर दात नको. डोळे मिटा किंवा अर्धे उघडे ठेवून तीन-चार फुटांवर जमिनीकडे सैल नजर सोडा. नजर भुवयांच्या मध्ये ओढून धरू नका. कपाळ दुखण्याचं ते सगळ्यात नेहमीचं कारण.

पाय बधिर होणं म्हणजे बहुतेक वेळा नस दाबली गेलेली असते. पाय सोडले की काही मिनिटांत मुंग्या येऊन जातात. पण बधिर पायावर लगेच उभं राहू नका, पाय मुरगळून पडायला होतं. गुडघ्यातली टोचणारी कळ ही वेगळी गोष्ट. ती सहन करायची नसते. ताबडतोब बैठक बदला.

## ३. श्वास मोजा

श्वास नाकाने, नेहमीसारखा. खोल नको, लांबवलेला नको. बाहेर जाणाऱ्या श्वासावर मनात आकडा म्हणा. श्वास आत येतो, बाहेर जाताना ‘एक’. आत येतो, बाहेर जाताना ‘दोन’. दहापर्यंत जा आणि परत एकवर या.

आकडा श्वासाच्या मागून यायला हवा. आधी आकडा म्हणून मग श्वास सोडत असाल तर तुम्ही श्वास चालवताय. मग तो जड होतो, छातीवर दडपण येतं, आणि ‘मला श्वासाचं ध्यान झेपत नाही’ अशी समजूत होते. असं झालं तर दोन-तीन मोठे सुस्कारे सोडा, मोजणं मिनिटभर थांबवा, आणि लक्ष नाकाऐवजी पोटाच्या हालचालीवर न्या. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येत असतील, हलकी चक्कर येत असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त श्वास घेताय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालाय. ही साधनेतली प्रगती नव्हे. श्वास मोकळा सोडला की थांबतं.

शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. १५ धरले तर दहा मिनिटांत दीडशे श्वास, म्हणजे एक ते दहाच्या पंधरा फेऱ्या. पहिल्या आठवड्यात यातल्या दोन-तीन फेऱ्या जरी न चुकता पूर्ण झाल्या तरी पुष्कळ झालं.

एक गंमत इथे हमखास घडते. अचानक लक्षात येतं की आपण ‘सतरा’ म्हणतोय. म्हणजे आकडे चालू होते आणि आपण तिथे नव्हतो. मोजणी तोंडपाठ असल्यामुळे ती माणसाशिवाय चालते. दहावर थांबण्याचा नियम एवढ्यासाठीच आहे: दहा ओलांडलेत, की पकडले गेलात.

## ४. परत या

हे सगळ्या लेखाचं काळीज आहे, म्हणून जरा जवळून बघू.

तीन... चार... बाहेर गाडीचा हॉर्न. कुणाची गाडी? आपल्या गाडीचा विमा या महिन्यात भरायचा होता. मागच्या वेळी त्या माणसाने जास्तीचे पैसे घेतले होते. तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं. आता फोन आला तर म्हणायचं, “हे बघा...” आणि पूर्ण भांडण मनात लढून झाल्यावर, त्या माणसाला निरुत्तर केल्यावर, आठवतं: आपण श्वास मोजत होतो.

हा आठवण्याचा क्षण म्हणजे ध्यान. भटकणं आपोआप घडतं. आठवणं मात्र तुमचं. इथे बहुतेकजण स्वतःवर चिडतात, आणि चिडणं हे भटकण्याचंच पुढचं पाऊल. करायचं ते इतकंच. मनात एक शब्द म्हणा: ‘विचार’. किंवा भांडण असेल तर ‘भांडण’, बेत असेल तर ‘बेत’. एकच शब्द, वर्णन नको. मग पुढच्या बाहेर जाणाऱ्या श्वासावर ‘एक’. पाचपासून पुढे नको, एकपासून.

दहा मिनिटांत वीस वेळा भटकलात आणि वीस वेळा परतलात तर ती चांगली बैठक. एकदाही भटकल्याचं लक्षात आलं नाही, तर दोनच शक्यता: मन खरंच स्थिर होतं, किंवा तुम्ही पहिल्या मिनिटाला गेलात ते गजर झाल्यावरच आलात. नवख्याच्या बाबतीत दुसरीच.

तो शब्द लावायची सवय पुढे फार उपयोगी पडते. दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतं की आपलं मन वाटेल त्या विषयाकडे जात नाही. त्याच्या ठरलेल्या चार-पाच वाटा आहेत. कुणाची पैशाची, कुणाची अपमानाची, कुणाची ‘मी तेव्हा असं म्हणायला हवं होतं’ची. आपल्या वाटा कोणत्या, ते वहीत एकदा लिहून ठेवा. सातव्या पायरीत त्याच अंतःप्रेरणेचा वेष घेऊन समोर येणार आहेत.

झोप येत असेल तर आधी हिशोब करा: रात्री किती तास झोपलात? झोपेची उधारी असेल तर शरीर ती पहिल्या शांत क्षणी वसूल करतं, त्यात तुमचा दोष नाही. त्या दिवशी झोपा. झोप पुरेशी होऊनही रोज डुलकी लागत असेल तर डोळे उघडे ठेवा, पाठ ताठ करा, दोन-तीन मिनिटं उभं राहून मोजा.

## ५. मोजणं सोडा, शरीर ऐका

चौथ्या-पाचव्या आठवड्यात दहाच्या सलग पाच-सहा फेऱ्या जमू लागल्या की पहिली दहा मिनिटं मोजा आणि उरलेल्या वेळात आकडे सोडून द्या. फक्त श्वास कुठे जाणवतो ते बघा: नाकपुडीच्या कडेला गारवा, पोटाचं वर-खाली, छातीची हालचाल. एक जागा निवडा आणि त्या बैठकीपुरती तीच धरा.

मग रोज दोन मिनिटं घसा, छाती, जठराची जागा आणि खांदे यांच्यावरून एकदा लक्ष फिरवा. आवळलेलं आहे की सैल? उबदार की थंड? जड की हलकं? काही बदलायचं नाही, फक्त नोंद घ्यायची. काहीच जाणवत नसेल तर ‘काही नाही’ हीसुद्धा नोंद. आपलं शरीर रोजच्या, काहीही न घडलेल्या दिवशी कसं असतं हे माहीत नसेल, तर निर्णयाच्या वेळी पोटात पडलेला गोळा कशामुळे पडला हे कळणार नाही. ज्याचं पोट रोजच आवळलेलं असतं त्याला ते प्रत्येक प्रश्नावर ‘नको’ म्हणताना दिसेल.

या टप्प्यावर कधी कधी मिटल्या डोळ्यांपुढे रंग, प्रकाश, शरीर मोठं झाल्यासारखं किंवा तरंगल्यासारखं वाटणं असले अनुभव येतात. त्यांनाही एकच शब्द लावा आणि श्वासाकडे या. ज्या योगसूत्रांत सिद्धींची यादी आहे, त्यांतच त्या समाधीच्या वाटेतल्या अडचणी आहेत असंही सांगून ठेवलं आहे. यादी सगळ्यांना पाठ असते. हे वाक्य कुणी वाचत नाही.

## ६. प्रश्न ठेवा

सातवा आठवडा. आता वही जवळ घ्या.

बसायच्या आधी प्रश्न एका ओळीत लिहा. प्रश्न तुमच्या अनुभवाच्या क्षेत्रातला हवा आणि त्यात दोन खरे पर्याय हवेत. ‘माझं भविष्य काय?’ हा प्रश्न नव्हे. ‘या दोन उमेदवारांपैकी कामावर कुणाला घ्यावं?’ हा प्रश्न. माणसं निवडण्याचं काम तुम्ही अनेक वर्षं केलं असेल तर.

मग:

१. नेहमीसारखे १५ मिनिटं बसा. या वेळात प्रश्नाचा विचार आला तर तोही ‘विचार’.

२. शेवटच्या पाच मिनिटांत पहिला पर्याय ठरून गेलाय, आज सकाळीच कळवून टाकलंय, असं धरा. ‘ठरवू का’ असं नाही, ‘ठरलं’ असं. तीन श्वास. घसा, छाती, पोट, खांदे बघा.

३. तो पर्याय सोडा. दहा श्वास मोजा. ही मधली धुलाई वगळू नका. वगळली तर पहिल्याचा रंग दुसऱ्याला लागतो.

४. दुसरा पर्याय ठरून गेलाय असं धरा. पुन्हा तीन श्वास, तेच चार ठिकाणचं निरीक्षण.

५. गजर झाला की कुणाशी बोलायच्या आधी वहीत दोन-तीन ओळी. जे जाणवलं तेच, त्याचा अर्थ नाही. ‘पहिला: घसा आवळला, “कागदपत्रं” हा शब्द आला. दुसरा: काही नाही.’

हेच वेगवेगळ्या तीन दिवशी करा आणि दुसऱ्या दिवशी पर्यायांचा क्रम उलटा करा. फक्त क्रम उलटल्याने कौल फिरला तर तो कौल नव्हता. उपाशीपोटी, कमी झोपेवर, ताप असताना किंवा नुकतंच भांडण झाल्यावर प्रश्न ठेवू नका. आणि तीन दिवसांनंतर चौथ्यांदा विचारू नका. हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणं म्हणजे स्वतःशी केलेली घासाघीस.

उत्तर बसल्या जागी येतच नाही, तासाभराने आंघोळ करताना किंवा चालताना येतं, असंही पुष्कळदा होतं. ते वहीत वेळेसकट लिहा. बैठक चालू असताना मात्र लिहायला उठू नका. सातव्या मिनिटाला सुचलेली कल्पना नेहमीच असामान्य वाटते, आणि एकदा त्यासाठी उठलात की मन रोज सातव्या मिनिटाला एक असामान्य कल्पना आणून देऊ लागतं.

## ७. भीती, इच्छा आणि कौल वेगळे करा

मराठीत दोन म्हणी आहेत त्या इथे अगदी चपखल बसतात. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ आणि ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’. पहिली भीतीची, दुसरी इच्छेची. आतून येणाऱ्या आवाजांपैकी बहुतेक या दोन घरांतलेच असतात.

भीती वेगाने येते आणि परत परत येते. ती ‘जर-तर’ने बोलते, चित्रं रंगवते, घाई करते: आत्ताच ठरव, नाहीतर उशीर होईल. तिच्याशी वाद घातला तर ती नवे पुरावे आणते. शरीरात मान, जबडा, छाती.

इच्छा गोड असते, पण चोरटी. गैरसोयीची माहिती ती नजरेआड ठेवते. तिची चाचणी सोपी आहे: एखाद्या जवळच्याला विरुद्ध बाजू मांडायला सांगा. ऐकताना राग आला तर इच्छा.

कौल बहुधा आखूड असतो. एखादं वाक्य, कधी एखादाच तपशील. त्याला रंग नसतो, घाई नसते, तो स्वतःची बाजू मांडत नाही. दुसऱ्या दिवशी तसाच असतो. वाढलेला नाही, विझलेलाही नाही.

आता सावधगिरीचं. ही लक्षणं खूण म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. पक्की चूकही अगदी शांतपणे जाणवू शकते. आणि एक चौथं घर आहे, त्याच्याकडे सहसा कुणी बोट दाखवत नाही: पूर्वग्रह. अनोळखी माणसाचा चेहरा, बोली, कपडे, आडनाव बघून ‘का कोण जाणे, याच्याबद्दल बरं वाटत नाही’ असं येतं, तेव्हा तीही ओळखच असते, पण चुकीच्या शाळेत शिकलेली. तिलाही रंग नसतो, घाई नसते. ध्यानाने ती जात नाही. तिथे कागदावरच्या गोष्टींवरच निर्णय घ्या.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी साधकांना नाडीला हात न लावता हृदयाचे ठोके ओळखायला सांगितलं होतं. ध्यान न करणाऱ्यांपेक्षा त्यांची अचूकता जास्त निघाली नाही. मात्र आपल्याला हे चांगलं जमतंय, असं त्यांना जास्त वाटत होतं. ध्यानाने खात्री वाढते. अचूकता वाढलीच असेल असं नाही. पुढची पायरी टाळायचा मोह होईल तेव्हा हे आठवा.

## ८. वहीत हिशोब ठेवा

पानावर सहा रकाने आखा: तारीख, अंदाज, खात्री (१० पैकी), त्रयस्थाचा अंदाज, कधी कळेल, काय झालं.

एक नोंद अशी दिसते:

‘तारीख ३. अंदाज: नवीन सहकारी महिनाअखेरचं काम वेळेत देणार नाही. खात्री ७. त्रयस्थ: आमच्याकडे निम्मी कामं उशिराच होतात, म्हणजे ५. कळेल: तारीख ३०.’ शेवटचा रकाना रिकामा. तो ३० तारखेलाच भरायचा, आणि मधल्या काळात वरचं काही खोडायचं नाही.

त्रयस्थ म्हणजे आतून काही न जाणवलेला, एरवी काय घडतं एवढंच बघणारा माणूस. त्याचा रकाना का? जे दहातल्या नऊ वेळा घडणारच असतं ते बरोबर सांगण्यात अंतःप्रेरणेचं काही कर्तृत्व नाही. तुमचा अंदाज त्रयस्थापेक्षा वेगळा होता आणि तरी खरा ठरला, तिथेच काहीतरी आहे.

तीन प्रकारच्या नोंदी बाद धरा. ‘काहीतरी वाईट घडणार आहे’ ही पहिली. तिला मुदत नाही आणि ती कधीच खोटी ठरत नाही. दुसरी, जी तुम्हीच खरी केलीत: तो माणूस तुटक वागेल असं वाटलं, म्हणून तुम्ही तुटक वागलात, आणि तो तसाच वागला. तिसरी, ज्याचा निकाल कधी लागणारच नाही: न घेतलेल्या वाटेबद्दलचा अंदाज.

बाद न धरलेल्या आणि निकाल लागलेल्या २० नोंदी झाल्या की बेरीज करा. खात्री ७ किंवा जास्त लिहिलेल्या किती, त्यांतल्या खऱ्या किती. दहापैकी सात-आठ खऱ्या असतील तर त्या विषयात तुमचा कौल ऐकण्यासारखा आहे. चारच असतील तर तुमचा ‘८’ म्हणजे प्रत्यक्षात ‘४’ हे कळलं. वीस नोंदी म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, पण शून्यापेक्षा बऱ्या. विषयवार वेगळी बेरीज करा. माणसांबद्दल बरोबर ठरणारे पैशांबद्दल सपशेल चुकताना दिसतात, आणि उलटही.

ही वही बहुतेकजण ठेवत नाहीत. त्यांना मग खरी ठरलेली पाच भाकितं आयुष्यभर आठवतात आणि खोटी ठरलेली पन्नास आठवत नाहीत.

## ९. भरवसा कुठे ठेवावा

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे अंतःप्रेरणेबद्दल एकमेकांविरुद्ध मतं असलेले दोन मानसशास्त्रज्ञ. २००९ मध्ये त्यांनी एकत्र लेख लिहिला आणि एका मुद्द्यावर ते सहमत झाले. कौलावर भरवसा ठेवायला दोन गोष्टी लागतात: त्या क्षेत्रात काहीतरी नियमितपणा हवा, आणि ते नियम शिकण्याची संधी मिळालेली हवी, म्हणजे भरपूर सराव आणि निर्णयाचा परिणाम लवकर कळणं. बुद्धिबळ, आग विझवणं, परिचर्या या कामांत दोन्ही असतात. एखाद्या शेअरचा उद्याचा भाव, लॉटरी यांत नसतात. शांत मनाने काढलेला लॉटरीचा आकडा हा अशांत मनाने काढलेल्या आकड्याइतकाच.

आजाराबद्दल वेगळा नियम. ‘काही नाही, ठीक आहे’ असा कौल आला म्हणून तपासणी टाळू नका. ‘काहीतरी बिघडलंय’ असं दिवसेंदिवस जाणवत असेल तर मात्र तपासून घ्या. तपासायला थोडं लागतं आणि चुकलं तर फार जातं, अशा ठिकाणी कौलाच्या अचूकतेचा प्रश्नच येत नाही.

कधी थांबायचं

काही जणांना स्थिर बसल्यावर जुनं दुःख उसळून येतं. थोडं रडू येणं ठीक. पण छाती धडधडून घाबरं होत असेल, जुना प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटत असेल, तर डोळे उघडा, पायांचे तळवे जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या आणि उठा. त्या काळात बसण्याऐवजी हळू चालत पावलं मोजणं बरं. असं परत परत होत असेल तर एकट्याने पुढे जाऊ नका, समुपदेशकाकडे जा.

पूर्वी सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा बायपोलर आजार (अतिउत्साह आणि नैराश्य यांत हेलकावणं) झालेला असेल तर सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. चालू औषधं ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका. सलग काही रात्री झोप नाही आणि तरी प्रचंड उत्साह. दिवसदिवस सगळं खोटं, स्वप्नासारखं वाटणं. आज्ञा देणारा आवाज खरोखर कानांना ऐकू येणं: यांतलं काहीही झालं तर ध्यान त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. ‘आतला आवाज’ ही बोलण्याची पद्धत आहे. तो कानाला ऐकू यायचा नसतो.

खंड पडला तर

आठवडाभर बसणं राहिलं तर ते भरून काढायला दुप्पट बसू नका. १० मिनिटांवर या, आकडे परत सुरू करा. दोन-तीन आठवड्यांत २० मिनिटांवर पोचाल. तोपर्यंत नवा प्रश्न ठेवायचा नाही, मात्र वहीतल्या जुन्या नोंदींचे निकाल ज्या त्या तारखेला भरत राहा. त्याला शांत मन लागत नाही.